कच्च्या केळ्याचे काप : पालघर-तारापूर किनारपट्टीच्या खाद्येतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

तारापूर हे नाव मराठी वाचकास प्रामुख्याने दोन संदर्भांत परिचित आहे. पहिला संदर्भ वसई मोहिमेचा. इ. स. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला जिंकून घेतला. दुसरा संदर्भ अणुऊर्जेचा. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथे भारतातील पहिल्या अणुवीज केंद्राचे व्यापारी तत्त्वावरील उत्पादन सुरू झाले. या दोन घटनांच्या दरम्यानचा सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ या किनाऱ्यावरील सामान्य माणसाने कसा व्यतीत केला, तो काय पिकवीत होता व काय शिजवीत होता, याविषयी इतिहासग्रंथांतून फारच थोडी माहिती मिळते.

केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी या गावांच्या पट्ट्यात एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस नारळ, सुपारी, पानवेल आणि केळी यांच्या वाड्या असे जीवनाचे स्वरूप दीर्घकाळ राहिले. या वाडीतील कच्च्या केळ्याचे कुरकुरीत काप व भजी हा घरगुती पदार्थ प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि पदार्थ घडविण्याची रीत हीदेखील एक ऐतिहासिक नोंद असते, आणि लिखित साधने जेथे मौन पाळतात तेथे ती रीत बोलू लागते, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे.

लिखित साधनांतील केळी

उत्तर कोकणातील केळीचा विचार करताना सोळाव्या शतकातील एका ग्रंथाकडे प्रथम वळावे लागते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातच्या सुलतानाने वसई व तिच्या अंकित प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात केळ्याला ‘भारतातील अंजीर’ असे संबोधून त्याची स्वतंत्र चर्चा केली आहे. दख्खन व गुजरातेत रूढ असलेले जे नाव तो नोंदवितो, ते आजच्या ‘केळी’ या शब्दाशी उघडच जुळणारे आहे. केळे मधोमध कापून साखरेत चांगले लाल होईपर्यंत तळावे व वर दालचिनी घालावी, हा प्रकारही तो सांगतो. म्हणजेच केळ्याचे काप तळून खाण्याच्या प्रथेचा किमान साडेचारशे वर्षांपूर्वीचा लिखित पुरावा पश्चिम किनाऱ्याच्या संदर्भात उपलब्ध आहे. मात्र ही नोंद पिकलेल्या केळ्याची व गोड पदार्थाची आहे. स्थानिक घरांत कच्च्या केळ्याचे काय होत असे, हे त्या वैद्यास जाणून घ्यावेसे वाटले नाही.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर. आजचा पालघर तालुका त्या काळी माहीम या नावाने ठाणे जिल्ह्यात समाविष्ट होता. राजेळी, मुठेळी, तांबडी, सोनकेळी, बसराई अशा अनेक जातींची नोंद या गॅझेटियरमध्ये आढळते. आगाशीच्या ताज्या व सुकविलेल्या केळ्यांचा लौकिकही त्यात सांगितला आहे. पूर्ण पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळविली की जी ‘सुकेळी’ तयार होतात, ती वसई परिसराची खास ओळख होय.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. गॅझेटियर ही महसुली प्रशासनाची निर्मिती असल्याने जे बाजारात विकले जाते, ज्यावर आकारणी होऊ शकते, त्याची दखल तिने आवर्जून घेतली. सुकेळी टिकत असल्याने ती गावाबाहेर जात आणि म्हणून कागदावर आली. काप मात्र तव्यावरून उतरताच पानात पडत. त्यांना बाजार नव्हता, म्हणून त्यांना नोंदही मिळाली नाही.

मराठीतील पाकशास्त्रविषयक छापील ग्रंथांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ (१८७५) या पुस्तकापासून मानली जाते. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) व कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) ही पुस्तके घराघरांत पोहोचली. अशा पुस्तकांमुळे प्रमाणे व कृती स्थिर झाल्या. परंतु केळे कोणत्या जातीचे, लोंगरातील कोणत्या फणीचे, किती कच्चे, हे ज्ञान छापील कृतीत पुरतेपणी उतरू शकत नाही. ते हाताळण्यातून व पाहण्यातून एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

राजेळी : फळाचे स्वरूप

राजेळी ही मुसा अक्युमिनाटा व मुसा बाल्बिसियाना या दोन जंगली जातींच्या संकरातून उत्पन्न झालेल्या केळ्यांच्या गटात मोडते. केरळातील नेंद्रन हे केळे व राजेळी ही एकाच उपगटातील आहेत. त्यांचे फळ लांब, जाड सालीचे, ठळक कडांचे असते. कच्च्या अवस्थेत त्यात पिष्टाचे प्रमाण अधिक व पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते. फळ पिकू लागताच पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. पिष्टयुक्त काप तळला असता बाहेरून कडक व आतून भुसभुशीत होतो. साखर वाढलेला काप मात्र लवकर काळसर होतो, तेल पितो आणि मऊ पडतो. यास्तव कुरकुरीतपणाचा पहिला निर्णय चुलीपाशी होत नाही. तो वाडीत, लोंगर उतरविण्याच्या दिवशी होतो. ज्या घराची स्वतःची वाडी होती त्या घरास हा निर्णय स्वतः घेता येत असे.

घरगुती कृती व तिच्यामागील कारणे

केळे पूर्ण हिरवे, कडा स्पष्ट असलेले व नख लावताच चीक सुटेल असे निवडावे लागते. हा चीक हातास व वस्त्रास डाग पाडतो, म्हणून सोलण्यापूर्वी हातास व विळीस खोबरेल तेल लावण्याची रीत आहे. साल काढून फळाचे लांबट अथवा तिरके, साधारण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी जाडीचे काप केले जातात व ते तत्काळ मीठ-हळदीच्या पाण्यात किंवा ताकात टाकले जातात. कापलेला पृष्ठभाग हवेच्या संपर्कात आल्यास फळातील विकरांमुळे तो काळा पडतो. पाणी हवेस अटकाव करते, तर ताकाची आम्लता विकरांची क्रिया मंदावते. रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसतानाही हे कारण-कार्य अनुभवाने ओळखले गेले होते.

त्यानंतर काप स्वच्छ कापडावर कोरडे केले जातात. हळद, तिखट, हिंग व मीठ यांत चिंचेचा कोळ किंवा कोकमाचे आगळ घालून ते लावले जाते. मीठ फळातील पाणी बाहेर ओढते. त्यामुळे मसाला लावलेले काप फार वेळ ठेवल्यास ओलसर होऊन वरचे आवरण सुटते. तांदळाचे पीठ व रवा समप्रमाणात मिसळून त्यात काप घोळवावेत व तापलेल्या तव्यावर मध्यम आचेवर, कडेने तेल सोडीत, दोन्ही बाजूंनी परतावेत. तव्यावर झाकण ठेवू नये, कारण कोंडलेली वाफ आवरण मऊ करते.

भजी करावयाची असल्यास काप अधिक पातळ असावेत. बेसनात एक-दोन चमचे तांदळाचे पीठ व थोडे कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ जरा घट्ट भिजवावे. तेलात पिठाचा थेंब टाकताच तो क्षणभर बुडून लगेच वर आला, तर तेल योग्य तापले असे समजावे. ही स्थिती सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमानास येते. आच मंद असल्यास भजी तेलकट होतात, प्रखर असल्यास बाहेरून करपून आत कच्ची राहतात.

या कृतीत समुद्राचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मासळीच्या तुकड्यास आंबट-तिखट लावून, तांदळाच्या पिठात वा रव्यात घोळवून तव्यावर परतण्याची जी पद्धत किनाऱ्यावर रूढ आहे, तीच येथे केळ्यास लागू झालेली आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना मासेमारी बंद राहते, त्यातच श्रावण येतो. अशा दिवसांत मासळीच्या तुकड्याची जागा वाडीतील केळे घेते. एकाच तव्यावर, एकाच मसाल्यात, केवळ आतील वस्तू बदलते. समुद्र व वाडी या दोन अर्थव्यवस्थांचा मेळ या ताटात दिसून येतो.

जागतिक देवाणघेवाण

काप हा पदार्थ पूर्णतः स्थानिक मानला जातो. परंतु त्यातील तिखट म्हणजे मिरची ही मूळची अमेरिका खंडातील होय. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती भारतात आली. तत्पूर्वी तिखटपणासाठी मिरी व आले यांवर भिस्त होती. तळणासाठी आज वापरले जाणारे शेंगदाण्याचे तेलही अमेरिकन मूळ असलेल्या भुईमुगाचे आहे. भज्यांत केळ्याचा प्रतिस्पर्धी ठरलेला बटाटा तर पोर्तुगीज नावासह मराठीत स्थिरावला.

उपवासाच्या ताटात ही बाब अधिकच ठळक होते. बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा यांपैकी पहिले दोन अमेरिकन असून साबुदाणाही आता अमेरिकन मूळ असलेल्या कसाव्याच्या कंदापासून तयार होतो. या ताटातील केळ्याचे वेफर मात्र जुन्या, एतद्देशीय फळाचे असतात.

केळीचा प्रवास उलट दिशेने झाला. १५१६ मध्ये फ्राय टोमास द बेर्लांगा या स्पॅनिश धर्मोपदेशकाने कॅनरी बेटांतून हिस्पॅनिओला बेटावर केळीची रोपे नेली. आज कॅरिबियन प्रदेशात कच्च्या केळ्याचे जाड तुकडे एकदा तळून, दाबून चपटे करून पुन्हा तळतात. पहिल्या तळणीत पिष्ट शिजते व दुसऱ्या तळणीत पृष्ठभागातील पाणी निघून जाऊन तो कडक होतो. केरळात नेंद्रनच्या चकत्या खोबरेल तेलात तळताना हळद-मिठाचे पाणी थेट कढईत शिंपडतात. उत्तर कोकणात तोच परिणाम रवा व तांदळाच्या पिठाने साधला जातो. फळ एकाच कुळातील व हेतू एकच असताना उपाय मात्र तेथील धान्य, तेल व सवयी यांनुसार बदलले.

औद्योगिकीकरण व वाडीचा संकोच

१८६४ मध्ये मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग या प्रदेशातून सुरू झाला आणि वाडीचा माल मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. तरीही वाडी व स्वयंपाकघर यांतील नाते टिकून होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अणुवीज केंद्र व त्यापाठोपाठ उभी राहिलेली बोईसर येथील तारापूर औद्योगिक वसाहत यांनी परिसराचे स्वरूप पालटले. देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार व तंत्रज्ञ येथे आले, आणि बोईसर हे शेतीप्रधान गाव न राहता औद्योगिक नगर झाले. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे अन्यत्र पुनर्वसित करावी लागली. पुनर्वसनात घराच्या बदल्यात घर देता येते. विहीर, रहाट व पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली झाडे यांचा मेळ मात्र नव्या भूखंडावर पुन्हा उभा करणे दुष्कर असते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूस आणि जळगावच्या केळ्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. ज्या फळास मोठा बाजार आहे त्यास संरक्षण मिळते, हे १८८२ च्या गॅझेटियरमधील तत्त्व एकविसाव्या शतकातही फारसे बदललेले दिसत नाही. राजेळीची लागवड मात्र वाड्यांसमवेत आकसत गेली आणि सुकेळी तयार करणारी घरे कमी होत गेली. बाजारात मिळणाऱ्या कच्च्या केळ्याची जात बहुधा कोणी विचारीत नाही. परिणामी ‘पूर्वीसारखे काप होत नाहीत’ असा अनुभव आल्यास दोष करणारीच्या हातास दिला जातो. वस्तुतः हात तोच असून फळ बदललेले असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, लिखित साधनांनी केळीचा व्यापारी भाग जतन केला व घरगुती भाग वगळला. दुसरी, काप करण्याची रीत ही वनस्पतीची जात, परिपक्वता, पाणी व आच यांविषयीचे एक सुसंगत ज्ञान असून ते मुख्यत्वे स्त्रियांनी घडविले व राखले. तिसरी, हे ज्ञान विशिष्ट फळाशी बांधलेले आहे. फळ नाहीसे झाल्यास कृतीचे शब्द उरतात, त्यांचा अर्थ उरत नाही.

याच कारणास्तव जिल्ह्यातील महाविद्यालयांवर एक जबाबदारी येते. इतिहास, वनस्पतिशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन गावनिहाय केळीच्या जाती, त्यांची स्थानिक नावे व त्यांचे घरगुती उपयोग यांची नोंद करणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी या विषयाची जाणकार व्यक्ती आजही हयात आहे. ती नोंद करताना ‘किती वाट्या पीठ’ या प्रश्नाआधी ‘केळे कोणते’ हा प्रश्न विचारला जावा. राजेळी ओळखणारी पिढी असेपर्यंतच त्या प्रश्नास उत्तर मिळणार आहे.