काउन्सेलिंग 'लावता' येत नाही

मराठी घरांत अलीकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं : 'त्याला काउन्सेलिंग लावलंय.' क्लास लावतात, डबा लावतात, तसंच हे. अकरावीतला मुलगा दार लोटून पडून राहतो, नीट जेवत नाही, कॉलेजला जात नाही. मग चांगल्या समुपदेशकाचा पत्ता मिळवला जातो, फी भरली जाते आणि पाऊण तास आई बाहेरच्या बाकावर बसून राहते. मुलगा बाहेर आला की पहिला प्रश्न : 'काय म्हणाल्या मॅडम?' या आईच्या तळमळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या वाक्यामागचा समज मला अमान्य आहे. बिघाड मुलात आहे, उपचार मुलावर करायचा आहे आणि घरच्यांचं काम त्याला तिथवर पोचवण्यापुरतं आहे, असा तो समज.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो एकट्या पालकांचा नाही. पुष्कळ समुपदेशकही तो धरून चालतात. त्यांचं म्हणणं असं : पंधरा-सोळाव्या वर्षी मूल आईबापांपासून सुटं होऊ पाहत असतं, त्यांच्यादेखत ते तोंड उघडणार नाही. शिवाय कित्येकदा घर हेच दुखण्याचं मूळ असतं. ज्याच्या हातून चटका बसला त्याच्याच हाती मलम कसं द्यायचं?

दुसरा मुद्दा जुना आहे. उपाशी राहून झिजत जाणाऱ्या मुलींच्या आजाराला लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७०च्या दशकात 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं, आणि अशा रुग्णाच्या शुश्रूषेला नातेवाईक सहसा सर्वांत कुचकामी, असं बजावलं. पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को तर मुलीला घरच्यांपासून तोडण्याचाच आग्रह धरत. १९४८ साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं. ती उपपत्ती पुढे पुराव्यापुढे टिकली नाही, पण तोवर आयांच्या एका पिढीनं ती सोसली. 'आईवडीलही आत या' म्हटलं की आपल्याकडच्या आईच्या पोटात गोळा येतो. ती धास्ती मला अनाठायी वाटत नाही. या शास्त्रानं बराच काळ तिला आरोपीच मानलं होतं.

गल यांच्या मताची खरी परीक्षा झाली तीही लंडनमध्येच. मॉड्स्ली रुग्णालयात जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, इव्हान आयस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांचं वजन आधी इस्पितळात सावरलं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून वर्षभर काहींवर एकेकट्यानं आणि काहींवर कुटुंबासह उपचार केले. १९८७ साली निष्कर्ष आले. आजार कोवळ्या वयात जडलेला आणि तीन वर्षांहून कमी मुरलेला असेल, तर कुटुंबासह उपचार स्पष्टपणे सरस ठरले. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही तो फरक टिकून होता. मोठ्या वयात आजारी पडलेल्यांत मात्र तसं दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

या पद्धतीत नेमकं काय करतात, ते पाहण्यासारखं आहे. आजार कशामुळे झाला हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवतात. आईबापांना सांगतात : सध्या तिनं काय आणि किती खायचं ते तुम्ही ठरवा, पण दोघांचं एकमत हवं. राग आला तर तो आजारावर, मुलीवर नाही. एका बैठकीला कुटुंब डबा घेऊन येतं आणि उपचारकासमोर सगळे जेवतात. वजन सावरत जातं तसा ताटाचा ताबा हळूहळू मुलीकडे परत जातो. पूर्वपक्षाची तार्किक चूक मला इथे दिसते : दुखण्याचं कारण आणि बरं होण्याचं साधन, या दोन गोष्टींची त्यानं गल्लत केली. हाड मोडतं मैदानात, ते जुळतं घरात.

येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटानं याहून धीट प्रयोग केला. चिंतेनं ग्रासलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांपैकी काहींना नेहमीची वैयक्तिक थेरपी दिली. बाकीच्यांच्या फक्त पालकांना भेटायला बोलावलं. मुलाच्या भीतीपुढे आपण रोज कसे नमतो आणि ते मायेनं कसं थांबवायचं, हे पालक शिकले. २०२०मध्ये आलेला निष्कर्ष असा की दोन्ही उपचार सारखेच गुणकारी ठरले. ही मुलं किशोरवयाच्या उंबरठ्यावरची, हे खरं. तरी थेरपिस्टपुढे एकदाही न बसता मूल सावरू शकतं, एवढं त्यातून दिसलंच.

'हे तिकडचं, आपल्याकडे चालायचं नाही' या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रातही तेव्हापासून घरचं माणूस रुग्णासोबत राहत आलं आहे.

मूल आईबापांदेखत तोंड उघडणार नाही, हा पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. मुलाला स्वतंत्र वेळ हवाच, आणि काय गुप्त राहील व जिवावर बेतलं तर काय सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत सर्वांसमोर स्पष्ट व्हायला हवं. मॉड्स्लीच्याच पुढच्या अभ्यासांत आढळलं की आईबाप मुलीवर फार टीका करणारे असतील, तर त्यांना वेगळं भेटणं अधिक फळतं. म्हणजे कुटुंबाचा उपचार म्हणजे सर्वांना एका सोफ्यावर बसवणं नव्हे. जिथे मारहाण किंवा लैंगिक अत्याचार आहे, तिथे एकत्र बैठक तर धोक्याचीच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं २०१२च्या 'पॉक्सो' कायद्यानं बंधनकारक आहे. आणि कुटुंब म्हणजे दोन पालकच, असंही धरू नये. 'नाटकं आहेत सगळी' हा घरातला निकाल बऱ्याचदा आजीचा किंवा काकांचा असतो. तो बदलल्याशिवाय मुलाला घरात श्वास घेता येत नाही.

शेतकऱ्याच्या घरातली सोळा वर्षांची मुलगी बंद दाराआड समुपदेशकाला सांगते की जगावंसं वाटत नाही. अशा वेळी पहिलं काम बोलण्याचं नसून फवारणीचं औषध तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवण्याचं असतं. गोठ्यातल्या फळीवरचा तो डबा उचलून कुलपात कोण ठेवणार, किल्ली कोणाकडे राहणार, रात्री तिच्याजवळ कोण झोपणार, हे तिच्या वडिलांशी बोलून ठरवावं लागतं. आणि ते तर बाहेर मोटरसायकलजवळ उभे असतात, कारण त्यांना कोणी आत बोलावलेलंच नसतं.