नृत्य, कुळ आणि वर्ण

बंगळूरचे व मराठी माणसाचे नाते रेल्वेने आणि कारखान्यांनी जोडले, अशी यशवंतपुरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ते शहाजीराजांना ही जहागीर मिळाली तेव्हापासूनचे, म्हणजे १६३८ च्या सुमाराचे आहे. त्यांचे पुत्र एकोजी येथूनच तंजावरास गेले आणि १६७५ च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले. आज आपल्या मुली जे भरतनाट्यम् शिकतात, त्याच्या घडणीत या तंजावरचा मोठा वाटा आहे. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा नृत्यक्रम त्यांनी बांधला. पुढे चिन्नय्या म्हैसूर दरबारी आले.

या वारशाचा आपणांस अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु राजांनी आश्रय दिला. कला जिवंत ठेवली ती देवदासींनी व त्यांच्या गुरुघराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नृत्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. म्हैसूर संस्थानाने १९०९ साली सरकारी देवळांतील देवदासींची सेवा बंद केली. मद्रास प्रांतात १९४७ साली कायदा झाला. मुलींना देवास वाहण्याची रूढी अन्यायाचीच होती, ती गेली हे योग्यच झाले. मात्र त्याच काळात, १९३२ साली मद्रासच्या संगीत अकादमीने या नृत्यास ‘भरतनाट्यम्’ हे नाव मान्य केले, १९३६ साली रुक्मिणीदेवींचे कलाक्षेत्र निघाले, आणि उच्चवर्णीय घरांतील मुली नृत्य शिकू लागल्या. कला प्रतिष्ठित झाली. जिच्या घरातून ती आली ती स्त्री मात्र बहुधा व्यासपीठाबाहेरच राहिली.

याला सन्मान्य अपवाद आपल्याच राज्यात आहे. कडूरजवळच्या एका तांड्यावर, बंजारा समाजात, १९०६ साली जन्मलेल्या वेंकटलक्ष्मम्मा यांना म्हैसूरच्या जट्टी तायम्मांनी शिष्या केले. त्या राजनर्तकी झाल्या, १९६५ साली म्हैसूर विद्यापीठाच्या नृत्यविभागात अध्यापिका झाल्या आणि १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गुरूने कुळ न पाहता गुण पाहिला, म्हणूनच म्हैसूरची अभिनयपरंपरा टिकली.

महाराष्ट्रातही निराळे घडले नाही. गणेशोत्सवात आपल्या मुली लावणी करतात तेव्हा आपण कौतुकाने टाळ्या वाजवितो. पण ती लावणी सांभाळणाऱ्या कोल्हाटी समाजातील यमुनाबाई वाईकर यांचे नाव त्या मुलींना कोणी सांगितले आहे काय?

‘वर्ण’ या शब्दाचे जात आणि रंग असे दोन्ही अर्थ आपली भाषा जाणते. २०२४ साली केरळातील एका नृत्यशिक्षिकेने सावळ्या पुरुषाने मोहिनीआट्टम् करू नये अशा आशयाचे उद्गार काढले. ज्यांना उद्देशून ते होते असे मानले गेले, त्या रामकृष्णन् यांना केरळ कलामंडलमने सन्मानाने नृत्यासाठी पाचारण केले. संस्थेने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठच होय.

परमुलखात राहताना ‘बाहेरचे’ ठरविले जाणे म्हणजे काय, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. म्हणूनच सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही एवढेच सुचवितो: मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत कोणी उभे राहावे हे रियाजाने ठरावे, सावळ्या मुलीच्या चेहऱ्यावर पांढऱ्या पावडरचे थर चढवू नयेत, आणि नृत्यापूर्वी ती कला जपणाऱ्या स्त्रियांची नावे आदराने घेतली जावीत. यास खर्च काहीच नाही. ऋण मात्र थोडेफार फिटेल.