घोटुलाची लाकडं

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका बाईची कॉलेजात जाणारी पोरगी इतिहासाचं पुस्तक घेऊन आली होती. त्यात पॅरिसच्या पोरापोरींचा धडा होता. 1968 सालचा. ती म्हणाली, "मावशी, हे सगळं तिकडंच होते का? आपल्याकडं पोरांनी कधी काही केलंच नाही?" आम्ही हसलो. पण उत्तर द्यायला बसलो तर रात्र झाली. तेच आज सांगतो.

आधी पॅरिसचं, थोडक्यात. शहराच्या कडेला नांतेर नावाचं विद्यापीठ. तिथल्या पोरांची एक तक्रार साधीच होती : पोरींच्या वसतिगृहात पोरांना जायला मनाई का? त्याला व्हिएतनामच्या लढाईचा राग जोडला गेला. 22 मार्चला पोरांनी विद्यापीठाच्या कचेरीत ठाण मांडलं. मे महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर पोलीस आणि पोरं समोरासमोर आली. मग कारखान्यातले कामगार संपावर गेले, लाखांनी नाही, कोटीच्या घरात. आणि जूनमध्ये निवडणूक झाली, तर जुनंच सरकार आणखी मोठ्या बहुमतानं आलं! त्या पोरीला हे फार लागलं.

आता आपल्याकडं या. धानोऱ्याहून गडचिरोलीच्या रस्त्यानं तीनेक किलोमीटर गेलं की मेंढा. लेख्याजवळचं, म्हणून मेंढा-लेखा. 1984 च्या सुमारास गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन धरणं व्हायची होती. जंगल बुडणार, गावं बुडणार. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. लालश्याम शहा महाराज, सुखदेवबाबू उईके, बाबा आमटे ही मोठी माणसं त्यात होती. आणि त्यांच्या मागं चालणाऱ्यांत मेंढ्याचे देवाजी तोफा होते, तेव्हा तरुण. धरणं मागं पडली.

चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल याच सुमारास या भागात फिरत होते. नाव ऐकलं ना? आधी आईचं, मग बापाचं. ते जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले. 1975 साली निघालेली ही तरुणांची संघटना, तिशी ओलांडली की बाहेर. याच वाहिनीनं बिहारात बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी भूमिहीनांना उभं केलं. जमीन मिळायची वेळ आली तेव्हा तिथल्या बाया अडून बसल्या. लाठ्या आम्ही खाल्ल्या, मग पट्टा नवऱ्याच्या नावानं का? आणि बायांच्या नावानंही पट्टे झाले. आमच्यापैकी किती जणींच्या नावावर धुरा तरी आहे, ते ज्यानं त्यानं आपल्या सातबाऱ्यावर बघावं.

तर मेंढा. तिथं ठरलं की मोडलेला घोटुल पुन्हा बांधायचा. घोटुल म्हणजे पोरापोरींचं घर. बाहेरच्यांनी त्याबद्दल पुष्कळ वेडंवाकडं लिहून ठेवलं आहे. गाणं, नाच, काम, वागणूक, हे सगळं तिथं शिकायचं. लाकडं जंगलातून आणली. वनखात्यानं म्हटलं, परवानगी कुठं आहे? पोलीस घेऊन आले आणि घोटुल पाडला. आजूबाजूच्या गावांनी काय केलं? दगड उचलले नाहीत. आपापल्या गावात घोटुल बांधायला घेतले. एक पाडाल, मग सगळे पाडा. खात्याला माघार घ्यावी लागली.

पण आम्हाला घोटुलापेक्षा दारूची गोष्ट जास्त भावते. मेंढ्यात ठराव बहुमतानं होत नाही, सगळ्यांच्या संमतीनं होतो. एक जण जरी 'नाही' म्हणाला तरी थांबायचं. दारूबंदीचा विषय बायांनी काढला तेव्हा पुरुषांना पटायला कितीतरी बैठका लागल्या. देवाला लागते तेवढी ठेवली, बाकी बंद. बैठकीला घरातून पुरुषासोबत बाईही यायची, हे तिथं ठरलेलं. आमच्याकडं ग्रामसभेत बाया सही करून घरी जातात, भाकरी टाकायच्या असतात म्हणून. खोटं आहे का?

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे मेंढ्याचं म्हणणं सरकारी कागदावर यायला 2009 साल उजाडलं. वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना अडलेलाच. अखेर 27 एप्रिल 2011 ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. धरणाच्या मोर्च्यात गेलेली पोरं तोवर आजोबा व्हायला आली होती.

पोरगी म्हणाली, "एवढी वर्षं?" हो, एवढी. तिनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, मेंढ्याला पुढची ग्रामसभा कधी आहे. आम्ही चौकशी करतो आहोत. सहा जणी तयार आहेत, गाडीचं भाडं गटातून द्यायचं की ज्यानं त्यानं, एवढं मंगळवारी ठरेल.