विजेची लोकल : शंभर वर्षांचा हिशेब



वडनेरच्या व्याख्यानमालेत आम्ही मुंबईच्या लोकलगाडीवर बोलणार, हे ऐकून आमच्या एका मित्राने विचारले, "आपल्या गावाला रेल्वेचे स्टेशन नाही. गाडी धरायची तर हिंगणघाट गाठावे लागते. मग ही मुंबईची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या भोवतालच्या काळ्या जमिनीतच आहे. या जमिनीत कापूस पिकतो, आणि त्या कापसाच्या पाठोपाठच रेल्वे या मुलखात आली. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे थोडे वाचले ते जिनांच्या आवारात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा पंडिताचे व्याख्यान आमच्याकडून होणार नाही. कामगाराच्या बाजूने एक हिशेब मात्र आम्ही मांडू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. डबे १४, इंजिने तीन आणि पाहुणे सुमारे ४००. तोफांची सलामी झाली, बँड वाजला. परंतु एवढा खर्च कोणी पाहुण्यांना ठाण्याची हवा खायला घालण्यासाठी केला नव्हता. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाड व हिंगणघाट ही नावे परदेशच्या बाजारात खणखणू लागली. १८६७ साली रूळ वर्ध्यावरून नागपूरला पोहोचले. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा निघाला. म्हणजे रेल्वे आली ती गाठींसाठी व कोळशासाठी. माणसे तिच्यात मागाहून बसली.

इकडून गेलेला सगळाच कापूस बोटीत चढला नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, आणि पन्नास वर्षांच्या आत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसे आली व गिरणीला लागून असलेल्या चाळींत राहिली. भोंगा झाला की दहा-पंधरा मिनिटांत कामगार दारात हजर. त्या काळी उपनगरात राहून गाडीने येणारा माणूस म्हणजे साहेब, वकील किंवा कचेरीतला कारकून. १८६७ पासून विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, पण ती गिरणी कामगाराची गाडी नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हे चित्र पार उलटे होणार आहे.

आता विजेकडे वळू. वाफेच्या इंजिनाची एक अडचण असे. गाडी शेवटच्या स्टेशनावर पोहोचली की इंजिन सोडायचे, फिरवायचे, पाणी-कोळसा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. लांबच्या गाडीला हे चालते. पण दर काही मिनिटांनी एक गाडी सोडायची तर तेवढ्या वेळात फलाट अडून राहतो. यावर तोड निघाली ती अशी, की इंजिनच नको. डब्यांच्याच खाली विजेच्या मोटारी बसवाव्यात आणि दोन्ही टोकांना चालकाची खोली ठेवावी. गाडी आली की चालकाने एका टोकाने उतरावे, दुसऱ्या टोकाला चढावे आणि गाडी परत न्यावी.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी जी. आय. पी. रेल्वेने हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी सोडली. हिंदुस्थानातील ही पहिली विजेवरची रेल्वे. तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. ५ जानेवारी १९२८ पासून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेनेही बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू केली. ठाकुर्लीला चोळा येथे रेल्वेचे स्वतःचे वीजघर १९२९ साली चालू झाले. स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, या दोन कंपन्यांच्या जागी मध्य व पश्चिम रेल्वे आल्या. तारेतला एकदिश प्रवाह काढून २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह भरण्याचे काम २०१२ ते २०१६ या वर्षांत पुरे झाले, आणि तेही गाड्या चालू ठेवून, रात्रीच्या चार तासांच्या आत थोडे थोडे करून. ज्यांनी ते केले त्या तारवाल्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

गाडी चालते कशी, तेही थोडे सांगतो. पुढे मोटरमन, मागे गार्ड. गार्डला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. पगार मात्र नावाएवढा वाढला नाही. स्टेशनात गाडी वीस ते तीस सेकंद उभी राहते. गार्डने दोन घंटा दिल्या की निघायचे, एक दिली की थांबायचे. मोटरमनच्या हाताखाली एक दांडी असते. गाडी धावत आहे तोवर ती दाबून धरावी लागते. हात सुटला, म्हणजे माणूस बेशुद्ध झाला किंवा मेला, तर ब्रेक आपोआप लागतो. रेल्वेतली माणसे तिला 'डेडमन' म्हणतात, म्हणजे मेलेल्या माणसाची दांडी. एक पिवळा दिवा, दोन पिवळे, हिरवा, तांबडा, असे सिग्नल दर काहीशे मीटरवर येत राहतात. गर्दीच्या वेळी गाडीमागे गाडी तीन-चार मिनिटांनी असते. दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात आणि सत्तर लाखांच्या आसपास प्रवास घडतात. इतके सगळे होऊन सर्वांत जवळचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट अजून ५ रुपयांना मिळते. जगात इतकी स्वस्त व इतकी भरलेली गाडी क्वचितच असेल.

आमच्या तरुणपणी लोकलची तुलना नेहमी मॉस्कोच्या भुयारी रेल्वेशी होई. कामगार चळवळीतल्या मंडळींना त्या रेल्वेचा मोठा अभिमान असे. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियात जाऊन आले. त्यांचे प्रवासवर्णन आम्ही कोवळ्या वयात वाचले तेव्हापासून मॉस्को हे नाव डोक्यात बसले. ती रेल्वे १५ मे १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा ११ किलोमीटर मार्ग व १३ स्टेशने होती. संगमरवराचे खांब, झुंबरे, रंगीत काचा. राजवाड्यात असते ते सारे कामगाराच्या वाटेवर ठेवू, असा तो विचार. १९४१ मध्ये जर्मन विमाने आली तेव्हा लोकांनी त्याच स्टेशनांत आसरा घेतला. १९५४ मध्ये शहराभोवतीचे वर्तुळ पुरे झाले आणि प्रवाशाला एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला मध्यावर गर्दी करण्याचे कारण उरले नाही. गाडी शहराच्या मध्याकडे चालली असेल तर स्टेशनांची नावे पुरुषाच्या आवाजात आणि बाहेर चालली असेल तर बाईच्या आवाजात सांगतात. आंधळ्या माणसालाही दिशा कळते. १९६१ पासून १९९१ पर्यंत तीस वर्षे भाडे पाच कोपेकच राहिले.

हे सारे खरे. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ती भुयारे खणणाऱ्यांत खेड्यातून आलेली, कुदळ-फावडे घेऊन चिखलात उतरलेली हजारो माणसे होती, आणि त्यांना 'इतके काम होणार नाही' असे म्हणून हत्यार खाली ठेवण्याची मुभा नव्हती. १९५५ पर्यंत त्या रेल्वेला नाव होते ते कागानोविच या पुढाऱ्याचे. आम्ही आयुष्यभर युनियनचे काम केले. संप करता येत नाही तेथे कामगाराचे राज्य आहे हे आम्हांस पटत नाही. मात्र कामगाराच्या वाटेवर झुंबर लावावे, हा विचार आम्हांस अजून पटतो. रशियन तज्ज्ञांच्या सल्ल्याचा हात पुढे आपल्या देशालाही लागला. कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेचा आराखडा त्यांच्या मदतीने झाला. १९७२ च्या डिसेंबरात पायाभरणी झाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी पहिली गाडी धावली.

मुंबईला असे कोणी आखून दिले नाही. मुंबईची लोकल वाढत गेली, आणि तिच्यावर काम करणाऱ्यांना आपले गाऱ्हाणे स्वतः मांडावे लागले. १९३० च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. च्या कामगारांनी संप केला. ८ मे १९७४ रोजी देशभरातील सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस यांना संपापूर्वीच अटक झाली होती. मागण्या कामाच्या तासांच्या व बोनसच्या होत्या. हजारोंना तुरुंगात टाकले, क्वार्टरांतून बायकामुले बाहेर काढली, आणि २७ मे रोजी संप काहीही पदरात न पडता मागे घ्यावा लागला. पण १९७९ साली रेल्वे कामगाराला बोनस मिळू लागला. हरलेल्या संपाचेही पीक येते, ते पाच वर्षांनी येते एवढेच.

२०१० च्या मे महिन्यात, ३ व ४ तारखेला, मुंबईच्या मोटरमनांनी पगारासाठी उपोषण केले व गाड्या अडल्या. त्या वेळी आमच्या मनाची फार ओढाताण झाली. मोटरमन आमचा भाऊ, आणि फलाटावर ताटकळलेला शिपाई, नर्स, हमालही आमचाच भाऊ. रोजावरच्या माणसाची दोन दिवसांची भाकरी गेली. संप करणाऱ्याने आपल्या मागणीइतकेच हे नुकसानही मोजले पाहिजे, हे आम्ही तेव्हापासून आमच्या सभासदांना सांगत आलो. काही जण रागावले. रागावू देत.

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिपूर्वक कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक बंद पडल्या, चिमण्यांच्या जागी मनोरे आले, आणि चाळीतला कामगार डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार असा दूर दूर फेकला गेला. पूर्वी साहेब गाडीने येई व कामगार पायी. आता मनोऱ्यातला साहेब कचेरीजवळ राहतो आणि कामगाराचा मुलगा दीड तास एका पायावर उभा राहून त्याच मनोऱ्यात पहारा करायला येतो. फॅक्टरी कायद्याने १९४८ साली आठवड्याचे ४८ तास ठरवले. गाडीतले तीन तास कोणत्याही कायद्यात नाहीत. आठ तासांचा दिवस आमच्या वाडवडिलांनी झगडून मिळवला, आणि आम्ही तो रुळांवर सांडून टाकला, असे आम्हांस कधी कधी वाटते.

हे तीन तास नुसते थकवणारे नाहीत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वा अन्य कारणांनी आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसे खाली पडली व काहींचे प्राण गेले. आम्ही स्वतः एकदा दादरला संध्याकाळी चढताना हात सुटून मागे जात होतो. दारातल्या एका अनोळखी माणसाने शर्टाची कॉलर धरून आत ओढले. कॉलर फाटली; आम्ही राहिलो. त्याचे नाव विचारावे तोवर तो परळला उतरला. लोकलची सुरक्षितता आजवर बरीचशी अशाच हातांवर चालली आहे.

म्हणून दोन गोष्टी येथे मुद्दाम सांगतो. आपली मुले बाहेरगावी कामाला जातात, त्यांना कळू द्या. पहिली, रेल्वेच्या कायद्यात १९९४ साली जोडलेल्या कलमानुसार तिकीट किंवा पास असलेला प्रवासी धावत्या गाडीतून अपघाताने पडला, तर चूक कोणाची हे न पाहता भरपाई देय आहे. मृत्यूसाठी ती २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. मागणी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायची. तेव्हा पास जपून ठेवावा. दुसरी, २०१० साली कामगार विमा कायद्यात अशी दुरुस्ती झाली, की घरून कामावर जाताना वा परतताना झालेला अपघात कामाशी जोडलेला असेल तर तो कामावरचाच मानावा. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ १९२३ च्या भरपाई कायद्यालाही लावला. ते प्रकरण आपल्याच मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याचे होते. २००३ साली तो रात्रपाळीला निघाला व वाटेत मेला. त्याच्या घरच्यांना बावीस वर्षे लागली. पण प्रवास हा कामाचाच भाग आहे, हे वाक्य न्यायाच्या पुस्तकात उतरले. आमच्या हिशेबात ही मोठी जमा आहे.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. नागपूरची मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झाली, ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचा पहिला टप्पा पुरा झाला, आणि दुसऱ्या टप्प्यात ती बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीकडे यायची आहे. आपल्या तालुक्यातली मुले पहाटे मिळेल त्या गाडीला हात करून त्याच रस्त्याने जातात. तेव्हा मुंबईच्या शंभर वर्षांपासून आपण काय घ्यायचे, हा प्रश्न आता लांबचा राहिला नाही. काचेची स्टेशने हवीतच. कामगाराच्या वाटेवर झुंबर असावे असे आम्ही मघाशी म्हटलेच आहे. पण उद्घाटनाच्या दिवशी गाडी किती लांब धावते हे विचारण्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. पहिल्या पाळीच्या आधी ती सुटते काय? तिचे भाडे रोजावरच्या माणसाला परवडते काय? आणि ती चालवणारा माणूस कायम नोकरीत आहे की ठेकेदाराकडे?

हे तीन प्रश्न मुंबईकरांना शंभर वर्षे उशिरा सुचले. वडनेरकरांनी ते आधी विचारावेत, एवढ्यासाठीच ही मुंबईची उठाठेव होती.