बाँडिंग : एका सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे

सर्व्हरमधील दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट एकत्र बांधून त्यांचा एकच आयपी पत्ता वापरण्याची पद्धत. लिनक्सवाले हिला बाँडिंग म्हणतात, विंडोजवाले टीमिंग. सिस्कोच्या स्विचवर हीच जोडणी इथरचॅनल या नावाने भेटते.

सुरुवात झाली ती वेगाच्या हव्यासातून. 1994 साली नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 486 जातीचे 16 साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला. 10 मेगाबिटचे इथरनेट त्याला तोकडे पडू लागले, तेव्हा डेटा एकाहून अधिक कार्डांवर वाटण्यात आला. लिनक्सचा बाँडिंग ड्रायव्हर बेकर यांच्या त्याच कामातून निघाला. पुढे वेगापेक्षा आधारासाठीच तो जास्त वापरला गेला.

आधारासाठीची सर्वांत साधी तऱ्हा म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप. एक पोर्ट राबतो, दुसरा नुसता बसून असतो. ड्रायव्हर सहसा दर 100 मिलिसेकंदांनी लिंक तपासतो. ती गेली की बसलेला पोर्ट उठतो आणि एआरपीचा संदेश सोडून ‘हा पत्ता आता इकडे’ असे स्विचला कळवतो. स्विचवर वेगळी मांडणी लागत नाही.

एलएसीपी या दुसऱ्या तऱ्हेचे तसे नाही. तिथे स्विचचीही संमती लागते. आयईईई संस्थेने 2000 साली हे मानक 802.3एडी या क्रमांकाने आणले. 2008 पासून ते 802.1एएक्स झाले. दोन्ही टोके एकमेकांना दर 30 सेकंदांनी, किंवा जलद ठेवल्यास दर सेकंदाला, हजेरी देतात. तीन हजेऱ्या चुकल्या की तो दुवा बाद. यात सगळे पोर्ट कामाला लागतात, पण 10 गिगाबिटचे दोन पोर्ट जोडले म्हणून एकच मोठी फाइल 20 गिगाबिटने जात नाही. एका जोडणीची सगळी पाकिटे एकाच वायरीवरून जातात.

खरी मेख सर्व्हरच्या पाठीमागे असते. दोन्ही वायरी एकाच कार्डाच्या शेजारच्या पोर्टांत आणि पलीकडे एकाच स्विचमध्ये खोचलेल्या असतील, तर कार्ड किंवा स्विच गेल्यावर दोन्ही पोर्ट एकदमच जातात. म्हणून दोन कार्डे आणि दोन स्विच. त्यातही स्विच चालू राहून त्याचा वरचा दुवा तुटला, तर पोर्टचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो आणि ड्रायव्हर गाफील. त्यासाठी एआरपी तपासणी असते : गेटवेला हाक मारायची, उत्तर आले तरच दुवा जिवंत मानायचा.

दुसरा धोका बिनआवाजाचा. पहिली वायर गेली तरी सगळे सुरळीत चालते, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. लिनक्समध्ये बाँडची स्थिती सांगणारी फाइल उघडली तरच एका पोर्टपुढे ‘डाउन’ आणि खाली ‘लिंक फेल्युअर काउंट : 1’ दिसते. ती ओळ अलार्मला जोडलेली नसेल, तर सर्व्हर कित्येक दिवस एकाच वायरीवर चालू शकतो.

बसवल्यावर चाचणी घेतात ती वायर उपटून. शेजारी पिंग चालू ठेवायचे. एखाददुसरे चुकते, बाकी येत राहतात. गंमत वायर परत लावताना होते. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीवर चालणारा स्विच नवी लिंक आली की 30 सेकंद डेटा पुढे सोडत नाही. दिवा मात्र लगेच लागतो. हा पोर्ट मुख्य म्हणून नेमलेला असेल, तर ड्रायव्हर तत्काळ त्याच्याकडे वळतो आणि तेवढा वेळ सर्व्हर मुका होतो. ‘अपडिले’ या सेटिंगमध्ये त्याहून थोडा जास्त वेळ दिला, की मुख्य पोर्ट तयार होईपर्यंत बॅकअपच काम ओढतो.