बायकांसाठी दवाखाना कसा उभा राहिला



आपल्या गटाची कर्जाची वही उघडली, की 'कशासाठी' या रकान्यात एक शब्द हमखास दिसतो : दवाखाना. मुलाचा ताप, सासूबाईंचा मोतीबिंदू, लेकीचं बाळंतपण, सगळ्याला आपण दवाखानाच म्हणतो. पण सगळे दवाखाने एकाच कामासाठी नसतात. हे न कळल्यामुळे आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं जे झालं, ते मी शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास.

मुंबईत १८४५ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय सुरू झालं. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज होतं. त्यामुळे रुग्णालयाची दोन कामं तिथे एकत्र आली : गोरगरिबांवर उपचार आणि नव्या डॉक्टरांचं शिक्षण. पण डॉक्टर सगळे पुरुष. परपुरुषासमोर तपासायला बसायचं कसं, म्हणून कितीतरी बायका दुखणं अंगावर काढत. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून. अडलं तर देवावर भार.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत त्यांचं बाळ गेलं. बायकांना बाई डॉक्टरच हवी, हे त्यांनी तेव्हा मनाशी पक्कं केलं. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने त्यांना गाठलं होतं. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्या डॉक्टर झाल्या, त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं. फक्त बायका आणि मुलांसाठी, आणि डॉक्टरही बायकाच. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी मोठी रक्कम दिली. कारभार पाहायला डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून आल्या. त्यांनाही हे सहज मिळालेलं नव्हतं. बाई म्हणून एडिंबरा विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली होती. पुढे रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी त्यांनी पाठबळ दिलं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच या रखमाबाई. लंडनला शिकून त्या परतल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांची रुग्णालयं सांभाळली.

पण मैत्रिणींनो, हे सगळं शहरात. खेड्यातल्या बाईने काय करायचं? १९४३ साली सरकारने भोर समिती नेमली. तिने १९४६ मध्ये सांगितलं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, आणि आरोग्यसेवा गावापासून पायरी पायरीने वर जावी. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. आजही आपल्याकडे त्याच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी उपकेंद्र. साधारण ५,००० लोकवस्तीला एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००ला. तिथे नर्सताई असतात. लसी, गरोदरपणातली तपासणी, म्हणजे आजार होऊच नये याचं काम तिथे होतं. दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण ३०,००० लोकांमागे, डोंगरी भागात २०,०००मागे. तिथे डॉक्टर, थोड्या खाटा आणि साधं बाळंतपण. त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. जसं वर जावं तसे तज्ज्ञ डॉक्टर, ऑपरेशन आणि रक्ताची सोय वाढत जाते. सगळ्यात वर मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, जे. जे.सारखं, जिथे उपचार आणि शिक्षण दोन्ही चालतं. याशिवाय एकाच आजारासाठीची रुग्णालयंही असतात. मुंबईचं टाटा रुग्णालय कॅन्सरसाठी आहे, ते १९४१ साली सुरू झालं.

रुग्णालय कुणाचं आहे, हेही विचारावं. सरकारी, खासगी की धर्मादाय? महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा अगदी गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो. हा आपला हक्क आहे. मागायला लाजू नये.

आता आमच्या मैत्रिणीचं सांगते. रात्री कळा सुरू झाल्या, बाळ आडवं होतं. घरच्यांनी जीप केली आणि सर्वांत जवळच्या ठिकाणी नेलं. तिथे सिझेरियनची सोय नव्हती. दुसरीकडे गेले, तिथे रात्री भूल देणारे डॉक्टर नव्हते. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पहाट झाली. ती वाचली, बाळ राहिलं नाही. तिने गटाकडून घेतलेलं कर्ज फिटलं, पण त्या रात्रीचा विषय निघाला की ती अजून उठून बाहेर जाते.

आनंदीबाईंच्या काळी बायकांसाठी दवाखाने जवळजवळ नव्हतेच. आमच्या मैत्रिणीसमोर तीन दवाखाने होते, फक्त त्या रात्री कुठल्या दारात जायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर आमच्या गटाने एक काम केलं. कर्जाच्या वहीच्या पहिल्याच पानावर आसपासच्या प्रत्येक रुग्णालयाचं नाव लिहिलं आणि पुढे तीन प्रश्नांची उत्तरं : रात्री डॉक्टर असतात का? सिझेरियन होतं का? रक्त मिळतं का? आशाताईंना सोबत घेऊन आम्ही स्वतः जाऊन विचारून आलो. खाली रुग्णवाहिकेचे नंबर लिहिले, १०८ आणि गरोदर बायकांसाठी १०२. दर सहा महिन्यांनी ते पान पुन्हा तपासतो, कारण डॉक्टर बदलतात, सोयी बदलतात. गटात कुणी गरोदर असेल, तर सातव्या महिन्यातच तिच्या घरी हे पान वाचून दाखवतो, सासूबाई आणि नवरा दोघांसमोर.

येत्या बैठकीत तुमच्या वहीतही हे पान तयार करा. एक संध्याकाळ पुरेल.