ऑडिटर, व्यवस्थापन प्रणालीचा

एखादी संस्था आपले काम ठरलेल्या मानकाप्रमाणे करते की नाही, हे जागा, माणसे आणि नोंदी पाहून पुराव्यानिशी तपासणारी व्यक्ती. मराठीत ‘लेखापरीक्षक’ हा शब्द आहे. पण तो हिशेबाला इतका चिकटलेला आहे, की ‘ऑडिट आले’ म्हणताच ग्रामपंचायतीत पहिला हात कॅशबुकाकडे जातो. म्हणून या धंद्यात ‘ऑडिटर’ हाच शब्द रुळला. कामगार त्यांना सरळ ‘आयएसओवाले’ म्हणतात.

हे नाव तसे चुकीचेच. जिनिव्हा येथे मुख्यालय असलेली आयएसओ ही संघटना १९४७ पासून मानके लिहिते. प्रमाणपत्र मात्र कोणालाही देत नाही. गुणवत्तेसाठी ९००१ (पहिली आवृत्ती १९८७), पर्यावरणासाठी १४००१, अन्नसुरक्षेसाठी २२००० आणि कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ४५००१ ही तिची प्रचलित मानके. प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था. त्यांची पात्रता तपासण्याचे, म्हणजेच अधिस्वीकृतीचे, काम भारतात भारतीय गुणवत्ता परिषदेचे (स्थापना १९९७) प्रमाणन संस्था मंडळ करते. भारतीय मानक ब्युरोही १९९१ पासून प्रणालींचे प्रमाणन करतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या आणि पोलीस ठाणी यांच्या दारांवर ‘आयएसओ मानांकित’ अशा पाट्या लागल्या. अशा पाटीचे मोल रंगरंगोटीवर ठरत नाही. प्रमाणपत्र कोणी दिले आणि देणाऱ्याला अधिस्वीकृती आहे का, एवढेच पाहावे.

ऑडिटरचे काम कसे चालते, ते नंदुरबार जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. येथे मोठे कारखाने मोजके. साखर कारखाने आहेत, नवापूरला औद्योगिक वसाहत आहे. पण जिल्ह्याची ओळख मिरचीच्या बाजारामुळे. हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर पसरून वाळवतात आणि मजूर स्त्रिया देठ खुडतात. नवशिक्या ऑडिटरला याहून चांगली शाळा मिळणे कठीण. मिरचीत ओल राहिली की बुरशी धरते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत मसाल्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघात १०. मिरची पावडरीतला ओलावा ११ टक्क्यांच्या वर चालत नाही. अवकाळी पावसाची एक सर पथारीवर आली, की हे सारे आकडे एकदम जिवंत होतात.

येथे ऑडिटर काय करतो? गोदामातले एक पाकीट उचलतो, त्यावरचा बॅच क्रमांक वाचतो आणि उलटा निघतो: दळण कोणत्या दिवशी झाले, माल कोणत्या लॉटचा, कोणत्या पथारीवर वाळला, त्या आठवड्यात पाऊस होता का, ओलावा मोजणारे यंत्र शेवटचे कधी पडताळले. माग मध्येच तुटला, तर ती विसंगती. सगळी व्यवस्थाच ढासळलेली असेल तर मोठी, एखादीच चूक असेल तर लहान. हा माग किती महत्त्वाचा, ते २००३ मध्ये दिसले. भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान हा बंदी असलेला रंग फ्रान्समध्ये सापडला आणि युरोपने तपासणीचे दाखले मागायला सुरुवात केली. २००५ मध्ये तोच रंग ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये निघाला, तेव्हा शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत बोलवावे लागले.

या पेशाची सुरुवात पाच दिवसांच्या अभ्यासक्रमाने होते, असा समज जाहिरातींनी पसरवला आहे. ‘लीड ऑडिटर’ नावाचा ४० तासांचा अभ्यासक्रम आणि शेवटची परीक्षा आवश्यक खरी. पण ती उत्तीर्ण होणारा लीड ऑडिटर होत नाही, शिकाऊ उमेदवार होतो. आधी हवा तो कामाचा अनुभव. ऑडिटसंबंधीच्या १९०११ या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत नमुनादाखल पाच वर्षांचा कामाचा अनुभव, त्यातली दोन गुणवत्ता किंवा पर्यावरण क्षेत्रात, आणि देखरेखीखाली केलेली किमान चार पूर्ण ऑडिटे, एकूण २० दिवसांची, असा हिशेब दिला होता. २०१८ च्या आवृत्तीत हा तक्ता नाही. क्षमता कशी सिद्ध करायची ते संस्थेवर सोडले आहे. प्रमाणन संस्था मात्र अजून दिवसच मोजतात. त्यामुळे शहाद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा नंदुरबारच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याने आधी मसाला गिरणी, साखर कारखाना किंवा सुरत-नाशिककडच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता विभागात शिरावे, तिथेच अंतर्गत ऑडिटरचे छोटे प्रशिक्षण घ्यावे आणि मग पुढचा खर्च करावा. ज्या उद्योगाचा अनुभव, त्याच उद्योगाची ऑडिटे मिळतात. मिरचीत मुरलेल्याला औषधांच्या कारखान्यात कोणी पाठवणार नाही.

मोबदला बहुधा दिवसावर ठरतो, म्हणून ‘मॅन-डे’ हा या धंद्याचा चलनी शब्द. दिवस किती लागतात, हे कामगारसंख्येवर अवलंबून: पाच जणांपर्यंतच्या कारखान्याच्या पहिल्या गुणवत्ता ऑडिटला दीड दिवस, २६ ते ४५ जणांच्या कारखान्याला चार. जोखीम किंवा गुंतागुंत पाहून यात कमीजास्त होते. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते. दरम्यान दरवर्षी पाहणी होते.

लहान जिल्ह्यातली खरी अडचण वेगळीच आहे. माहीतगार माणूस एकच असेल, तर मदतीला आणि तपासायला त्यालाच बोलावणार. प्रमाणन संस्थांसाठीच्या १७०२१ या मानकाला ते चालत नाही. ज्या कारखान्याची कागदपत्रे तयार करून दिली, त्याचे ऑडिट पुढची दोन वर्षे करता येत नाही.